दुसरा रकाना : महाराष्ट्रातील इंग्रजी अध्यापनाची दोन शतके

परकी भाषा शिकवण्याच्या पद्धतींचा इतिहास बहुधा पद्धतींच्या नावांनी सांगितला जातो. परंतु ती नावे बाजूला सारून वर्गात प्रत्यक्ष काय घडत होते हे पाहू गेल्यास त्या सर्व पद्धती एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतात. शिकणाऱ्याला आधीपासून येत असलेल्या भाषेचे वर्गात काय करायचे, हा तो प्रश्न. कोणी तिला शिडी मानले, कोणी अडसर मानले, तर कोणी तिला दाराबाहेर उभे करून खिडकीतून आत घेतले. महाराष्ट्रात इंग्रजी शिकवण्याच्या सुमारे दोनशे वर्षांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली गेली आणि प्रत्येक उत्तराबरोबर ‘चांगला इंग्रजी शिक्षक’ या शब्दांचा अर्थही बदलत गेला.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भाषाशिक्षणाच्या शास्त्रात ‘द्वितीय भाषा’ आणि ‘परभाषा’ असे दोन प्रकार मानले जातात. जी भाषा घरची नसली तरी बाजारात, कचेरीत वा प्रवासात कानावर पडते आणि वापरावी लागते ती द्वितीय भाषा. जी वर्गाच्या भिंतींबाहेर भेटतच नाही ती परभाषा. भारतात इंग्रजीला सरसकट द्वितीय भाषा म्हणण्याची प्रथा आहे. मुंबईच्या फोर्टमधील कारकुनाच्या मुलाला ते वर्णन लागू पडेल. कोकणातील वा मराठवाड्यातील खेड्यात वाढलेल्या मुलासाठी मात्र इंग्रजी ही दीर्घकाळ परभाषाच राहिली, आणि तिच्या शिक्षकाला ती जणू द्वितीय भाषा आहे असे समजून शिकवण्याचे आदेश मिळत राहिले. पुढील इतिहासातील बऱ्याच अपयशांचे मूळ या विसंगतीत आहे.

दोन रकान्यांचा आरंभ

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी जी संस्था उभी राहिली, तिचा मुख्य भर देशी भाषांतील पुस्तकांवर होता. इंग्रजी ही थोड्यांनी शिकायची आणि तिच्यातील ज्ञान मराठी-गुजरातीत आणायचे, अशी त्या काळच्या धोरणाची दिशा होती. या धोरणाचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेले ‘दर्पण’. या पत्राच्या पानावर दोन रकाने असत, एकात इंग्रजी मजकूर आणि दुसऱ्यात मराठी. इंग्रजी शिकू लागलेल्या वाचकाला एकाच विषयावरील दोन भाषांतील वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहता येत; म्हणजे वृत्तपत्र हेच त्याच्यासाठी पाठ्यपुस्तकही होते. स्वतः जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक झाले आणि १८४५ मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी निघालेल्या ‘नॉर्मल’ वर्गाची, म्हणजे अध्यापकवर्गाची, धुरा त्यांच्याकडे आली. मराठी समाजातील आरंभीच्या इंग्रजी अध्यापकांपैकी एक अग्रगण्य अध्यापक दोन्ही रकान्यांत सारख्याच सहजतेने वावरणारा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच काळात साधनेही तयार होत होती. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला आणि कँडी यांच्या सहकार्याने सिद्ध झालेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी व्याकरणाची इंग्रजी धर्तीवर मांडणी झाल्याबद्दल पुढे बरीच टीका झाली असली, तरी अध्यापनाच्या दृष्टीने तिचा एक लाभ झाला. ‘नाम’, ‘सर्वनाम’, ‘क्रियापद’ ही परिभाषा मुलाने मराठीच्या तासाला शिकली की इंग्रजीच्या तासाला तीच पुन्हा उपयोगी पडे, आणि शिक्षकाला परक्या भाषेचे नियम ओळखीच्या शब्दांत समजावता येत.

मेकॉले यांच्या १८३५ च्या टिपणाने बंगालमध्ये इंग्रजीच्या बाजूने जो निर्णय झटपट लागला, तो मुंबई इलाख्यात इतक्या सरळपणे लागला नाही. १८४० मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण मंडळात १८४७-४८ च्या सुमारास जोरदार वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजी माध्यमाकडे होता, तर कर्नल जर्व्हिस आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे देशी सभासद लोकभाषांचा कैवार घेत होते. शंकरशेट इंग्रजीचे विरोधक नव्हते; त्यांचा आक्षेप सर्व ज्ञान इंग्रजीच्याच दाराने आले पाहिजे या आग्रहाला होता. या वादातून निघालेली तडजोड १८५४ च्या वुडच्या खलित्यात अखिल भारतीय रूपाने दिसते. खाली देशी भाषा, वर इंग्रजी आणि मध्ये ‘अँग्लो-व्हर्नाक्युलर’ शाळा, अशी ही रचना होती. मराठी चौथी संपवून मुलगा ‘इंग्रजी पहिली’त जाई आणि इंग्रजी सातवीनंतर मॅट्रिकला बसे, ही दुहेरी मोजणी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी घरांत रूढ होती.

व्याकरण आणि भाषांतर

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, आणि महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे १८६२ मध्ये पदवी मिळवणाऱ्या पहिल्या तुकडीत होते. परीक्षा आली की पद्धत तिच्या मागोमाग येते. विद्यापीठाला लेखी उत्तरे तपासायची होती, त्यामुळे वर्गात जे शिकवायचे तेही लेखीच ठरले आणि युरोपात ग्रीक-लॅटिनसाठी वापरली जाणारी ‘व्याकरण-भाषांतर पद्धती’ इंग्रजीच्या वर्गात स्थिरावली. या पद्धतीत पाठाचे चार टप्पे असतात. आधी नियम सांगायचा, मग त्या नियमाला लागणारे शब्द त्यांच्या अर्थांसह पाठ करून घ्यायचे, नंतर परक्या भाषेतील सुटी वाक्ये स्वभाषेत आणायची आणि अखेरीस स्वभाषेतील वाक्ये परक्या भाषेत न्यायची. जर्मनीत अठराव्या शतकाच्या अखेरीस शाळकरी मुलांसाठी तिचा हा ठरीव साचा बनला.

महाराष्ट्रात ही पद्धत रुजण्यामागे आणखी एक कारण होते. भांडारकरांनी १८६० च्या दशकात संस्कृतची जी दोन प्राथमिक पुस्तके रचली, त्यांत नियम, शब्दसंग्रह आणि दोन्ही दिशांच्या भाषांतराची वाक्ये हीच मांडणी होती आणि ती पाठशाळांतील रूपावली व अमरकोशाच्या पाठांतराला पर्याय म्हणून आली होती. एकाच शाळेत, एकाच दिवशी, एकाच साच्याने संस्कृत आणि इंग्रजी या दोन भाषा शिकवल्या जात. त्यांपैकी एक केवळ ग्रंथांत उरलेली होती आणि दुसरी साहेबाच्या तोंडी जिवंत होती. पद्धतीने मात्र दोहोंना एकाच रांगेत बसवले. जिवंत भाषा ग्रंथस्थ भाषेसारखी शिकली जाण्याची सवय तेव्हापासून लागली.

या पद्धतीचे मराठीतील सर्वांत टिकाऊ फळ म्हणजे तर्खडकर भाषांतर पाठमाला. मुंबई इलाख्याचे शिक्षण संचालक हॉवर्ड यांच्या नावाने चालणारी वाचनपुस्तके आणि ही पाठमाला अशी जोडी अनेक पिढ्यांनी वापरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रांत, वडील रामजी सुभेदार यांनी त्यांच्याकडून हॉवर्डची पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके घटवून घेतल्याचा उल्लेख येतो. ज्या मुलाला शाळेत पाण्याच्या माठाला हात लावता येत नव्हता, त्याचे इंग्रजी घरातील कंदिलाच्या उजेडात दोन भाषांची वाक्ये एकमेकींवर घासून तयार झाले. भाषांतर पद्धतीला नंतरच्या शास्त्राने कितीही नावे ठेवली, तरी शिक्षक नसलेल्या, कमी शिकलेल्या किंवा अपमान करणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला आलेल्या विद्यार्थ्याला ती स्वतःच्या बळावर चालवता येत असे, हे तिचे सामर्थ्य नाकारता येत नाही.

भाषांतराच्या पाठात नेमके काय घडते, हे एका वाक्यावरून पाहता येईल. ‘मला भूक लागली आहे’ हे वाक्य फळ्यावर आले की मुलगा प्रथम ‘मला’ साठी ‘टु मी’ लिहितो, ‘भूक’ साठी ‘हंगर’ आणि ‘लागली’ पाशी अडतो, कारण इंग्रजीत भूक कोणाला लागत नाही. तेथे माणूस स्वतःच ‘हंग्री’ असतो. मराठीत अनुभव घेणारा माणूस चतुर्थीत जातो आणि अनुभव कर्त्याच्या जागी बसतो, इंग्रजीत माणसालाच कर्तेपद घ्यावे लागते, हा भेद त्या अडण्यातून उलगडतो. ‘त्याने आंबा खाल्ला’ आणि ‘त्याने पोळी खाल्ली’ या दोन वाक्यांत मराठी क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘एट’ तसेच राहते. मराठीत उपपद नाही, म्हणून ‘अ’ आणि ‘द’ कोठे घालायचे हा प्रश्न मराठी भाषकाला जन्मभर छळतो. मराठीत नामाच्या मागून येणारी शब्दयोगी अव्यये इंग्रजीत नामापुढे जातात आणि मराठीत वाक्याच्या शेवटी स्वस्थ बसलेले क्रियापद इंग्रजीत मध्ये उडी घेते. जाणकार शिक्षक ही सगळी वळणे फळ्यावर उलगडून दाखवी आणि त्यातून मुलाला दोन्ही भाषांचे भान येई. अजाण शिक्षक बरोबर उत्तर सांगून ते घोकायला लावी. एकच पद्धत एका हातात विश्लेषण आणि दुसऱ्या हातात घोकंपट्टी होत असे.

तिची उणीव उच्चारात आणि बोलण्यात उघडी पडे. इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन अक्षरांनी दर्शवलेल्या वेगळ्या ध्वनींसाठी मराठीत एकच ‘व’ आहे. इंग्रजी ‘टी’ आणि ‘डी’ मराठी कानाला ट आणि ड वाटतात. आणि शब्दातील एका अवयवावर जोर देऊन बाकीचे गिळण्याची इंग्रजीची लकब मराठीला परकी आहे. डोळ्यांनी शिकलेल्या भाषेत या गोष्टी कळण्याची सोय नव्हती. त्यामुळे मिल्टन-बर्क यांची वचने मुखोद्गत असलेला पदवीधर साध्या संभाषणात चाचरे.

तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी इंग्रजी-शिक्षक दुबळा नव्हता, याचे कारण पद्धतीत नसून त्याच्या अधिकारात होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हा सरकारी नोकरीपेक्षा शिक्षकाचे आसन श्रेष्ठ मानणारी तरुण मंडळी वर्गात आली. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याचा जो वाक्प्रचार चिपळूणकरांच्या नावाशी जोडला जातो, त्यातही ती भाषा पचवून बळ मिळवायची, तिच्यापुढे वाकायचे नाही, ही भूमिका आहे. दुसऱ्या बाजूने सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजीला माऊली म्हणून संबोधले. ज्यांना संस्कृतचे दार बंद होते त्यांच्यासाठी इंग्रजी शिकणे हा ज्ञानाच्या मक्तेदारीतून सुटण्याचा मार्ग होता. वाघीण आणि माऊली या दोन प्रतिमांमधून पुढील काळाच्या इंग्रजीविषयक भावना जन्मल्या आणि दोन्हींनी वर्गावर आपापला भार टाकला.

मराठीला दाराबाहेर

युरोपात १८८२ मध्ये व्हिएटर यांनी भाषांतर पद्धतीवर हल्ला चढवला आणि त्याच सुमारास अमेरिकेत बर्लिट्झ यांच्या शाळा स्वभाषेचा एकही शब्द न वापरता भाषा शिकवू लागल्या. फ्रान्समध्ये गुआँ यांनी कृतींची साखळी करून वाक्ये शिकवण्याची कल्पना मांडली. या प्रवाहांना मिळून ‘प्रत्यक्ष पद्धती’ म्हणतात. शब्दाचा अर्थ स्वभाषेच्या मध्यस्थीशिवाय वस्तूशी वा कृतीशी थेट जोडायचा, आधी ऐकणे-बोलणे, मग वाचणे-लिहिणे, आणि व्याकरण उदाहरणांतून सापडू द्यायचे, ही तिची सूत्रे होत.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत भारतात आली. भारतीय इंग्रजी अध्यापनाच्या इतिहासात बंगालमध्ये टिपिंग, मद्रासकडे येट्स आणि मुंबईत फ्रेझर ही नावे तिच्या प्रवर्तकांत घेतली जातात. मुंबईत १९०६ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले आणि पद्धतीचे शिक्षण हा शिक्षकाच्या तयारीचा भाग बनला. इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले पी. सी. रेन यांनी भारतीय शाळांतील इंग्रजीच्या प्रत्यक्ष अध्यापनावर पुस्तक लिहिले. या रेन यांच्या वाट्याला आलेले चिरंजीवित्व मात्र उपरोधाने भरलेले आहे. १९३० च्या दशकात मार्टिन यांच्यासह त्यांच्या नावाने निघालेले व्याकरणाचे जाडजूड पुस्तक महाराष्ट्राच्या गावोगावी ‘रेन अँड मार्टिन’ म्हणून पोहोचले, आणि ज्याने वर्गातून व्याकरणाची घोकणी हटवण्याचा पुरस्कार केला त्याचे नाव व्याकरणाच्या घोकणीचेच दुसरे नाव ठरले.

प्रत्यक्ष पद्धतीच्या पाठात शिक्षक दाराकडे चालत जाई, जाता जाता ‘मी दाराकडे जात आहे’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य म्हणे, दार उघडी, पुन्हा त्या कृतीचे वाक्य म्हणे आणि मग एकेका मुलाला तेच करायला व म्हणायला लावी. पेन, पाटी, खुर्ची, खिडकी यांच्यापुरते हे उत्तम चाले. परंतु ‘प्रामाणिकपणा’ हा शब्द दाखवून कसा सांगणार? त्यासाठी शिक्षकाला सोप्या इंग्रजीत गोष्ट रचता यावी लागते, म्हणजे इंग्रजी त्याच्या जिभेवर खेळती असावी लागते. बर्लिट्झच्या शाळेत आठ-दहा प्रौढ शिकणारे असत आणि शिक्षकाची ती जन्मभाषा असे. मराठी शाळेत चाळीस-पन्नास मुले आणि स्वतः भाषांतराने शिकलेला शिक्षक असे. जो शिक्षक मराठीच्या आधाराने उत्तम समजावू शकत होता, त्याची जीभ या पद्धतीने बांधली. निरीक्षक आले की मराठी बंद आणि ते गेले की मराठी सुरू, असा दुटप्पी व्यवहार त्यातून निर्माण झाला. मराठीचा आधार घेणे म्हणजे चोरी, ही अपराधी भावना इंग्रजी शिक्षकाच्या मनात या टप्प्यावर शिरली.

याला समर्थ उत्तर ढाक्याहून आले. मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगालमधील द्वैभाषिकतेवर ग्रंथ लिहून असे दाखवले की बहुसंख्य मुले शाळा अर्ध्यावर सोडतात आणि तोवर शिकलेले मोडके-तोडके बोलणे त्यांच्या उपयोगाचे राहत नाही. विम्याचा हप्ता मध्येच थांबवला तरी पॉलिसीची काही ‘सरेंडर व्हॅल्यू’ हाती पडते, तशी अर्धवट भाषाशिक्षणाचीही काही किंमत विद्यार्थ्याच्या पदरात पडली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आणि ती किंमत वाचनाने मिळते, कारण थोड्याशा निवडक शब्दांवर रचलेली पुस्तके मुलाला लवकर स्वतंत्रपणे वाचता येतात. अधिक वापरातले शब्द निवडून त्यांच्या मर्यादेत गोष्टी लिहिण्याची त्यांची रीत जगभर गेली आणि १९५३ मध्ये त्यांची प्रसिद्ध शब्दसूची निघाली. शिक्षकाने काय शिकवावे हे ठरवण्याआधी विद्यार्थी किती दिवस शाळेत टिकणार आहे ते पाहावे, हा वेस्ट यांचा धडा धोरणकर्त्यांनी फारसा मनावर घेतला नाही.

तक्त्यातील इंग्रजी

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात माध्यमिक शाळांत मातृभाषेला माध्यम म्हणून मान्यता मिळत गेली आणि इंग्रजी हळूहळू केवळ एक विषय उरली. भूगोल-इतिहास इंग्रजीत शिकताना जे इंग्रजी अनायासे कानावर पडे ते आटले. आठवड्यातील मोजक्या तासांत जे शिकवले जाईल तेवढेच. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने १९४८ मध्ये पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढली आणि मुलांची इंग्रजीशी गाठ आठवीत पडू लागली. लोकभाषेला तिचे स्थान देण्याच्या हेतूने घेतलेला हा निर्णय होता, परंतु विद्यापीठात इंग्रजी माध्यम तसेच राहिल्याने आठवीपासून मॅट्रिकपर्यंतच्या थोड्या वर्षांत सात वर्षांचे काम उरकण्याची जबाबदारी शाळेच्या शिक्षकावर आली. पुढे इंग्रजी पुन्हा पाचवीपासून सुरू झाली.

वेळ कमी आणि शिक्षकही अपुरे, या अडचणीवर १९५० च्या दशकात ‘रचना पद्धती’ हा उपाय पुढे आला. भाषा म्हणजे शब्दांचा ढीग नसून वाक्यांच्या साच्यांची मांडणी आहे, असे मानून हे साचे सोप्याकडून कठीणाकडे क्रमाने लावायचे आणि एकेक साचा तोंडी सरावाने पक्का करायचा, हे तिचे तत्त्व. १९५८ मध्ये हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली आणि १९६३ मध्ये बंगळूरला दक्षिणेतील राज्यांसाठी प्रादेशिक संस्था. महाराष्ट्रातही राज्य आंग्लभाषा संस्थेच्या रूपाने शिक्षक-प्रशिक्षणाची व्यवस्था झाली. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीने पाठ्यपुस्तके एका छत्राखाली आणल्यावर साचेबद्ध क्रम गावोगावी पोहोचणे सोपे झाले.

या पद्धतीचे मुख्य हत्यार म्हणजे ‘पर्याय-तक्ता’. फळ्यावर उभे रकाने आखायचे. पहिल्यात ‘ही’, ‘शी’, ‘माय ब्रदर’, दुसऱ्यात ‘इज’, तिसऱ्यात ‘रीडिंग’, ‘रायटिंग’, ‘ईटिंग’, चौथ्यात ‘अ बुक’, ‘अ लेटर’, ‘अ मँगो’, आणि प्रत्येक रकान्यातून एकेक उचलून मुलाने वाक्य करायचे. चुकीचे वाक्य होणे अवघड आणि प्रत्येकाला बोलायची पाळी, हा त्याचा फायदा. पण भाऊ पत्र खात आहे असे निरर्थक वाक्यही तक्ता बिनतक्रार देतो, आणि मुलगा अर्थाकडे न पाहता रकान्यांवरून बोट फिरवत राहतो. ‘दर्पण’मध्ये दोन रकाने दोन भाषांचे होते, येथे सगळे रकाने एकाच भाषेचे होते आणि शिकणाऱ्याची भाषा फळ्यावरून गायब झाली होती. शिवाय ज्याला पूर्वी विद्वान म्हणून मान होता तो शिक्षक आता वर तयार झालेला क्रम खाली पोहोचवणारा वाहक ठरला.

साच्यांवरील विश्वास १९६० च्या दशकाच्या अखेरीस डळमळू लागला. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये असे मांडले की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्याच्या मनात त्या क्षणी भाषेचा कोणता नियम तयार झाला आहे याची ती खूण असते. त्यानंतर डेल हाइम्स यांच्या विवेचनातून ‘संप्रेषणक्षमता’, म्हणजे कोणाशी, कोठे, काय आणि कसे बोलावे याचे भान, ही कल्पना पुढे आली आणि संवादकेंद्रित अध्यापनाचा काळ सुरू झाला. या काळातील जगभर चर्चिला गेलेला एक भारतीय प्रयोग म्हणजे एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या वर्षांत दक्षिणेतील काही सामान्य शाळांत चालवलेला बंगळूर प्रकल्प. भाषेचा कोणताही क्रम न आखता मुलांना रेल्वेच्या वेळापत्रकावरून गाडी निवडणे, नकाशावरून वाट काढणे यांसारखी विचार करायला लावणारी कामे द्यायची, आधी शिक्षकाने वर्गासमोर तसेच एक काम प्रश्नोत्तरांतून सोडवून दाखवायचे आणि मग मुलांनी आपापले सोडवायचे. लक्ष अर्थावर असले की रूप आपोआप घडते, ही त्यामागची धारणा होती. मोठे वर्ग आणि थोडी साधने असूनही हा प्रयोग चालला, कारण त्यात शिक्षकाला रोज निर्णय घ्यावा लागे आणि पुढचे काम कोणते हे समोरच्या मुलांकडे पाहून ठरवावे लागे.

पहिलीपासून इंग्रजी

महाराष्ट्रात २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. निर्णयाच्या बाजूने समतेचा युक्तिवाद होता; श्रीमंतांच्या मुलांना जे बालवाडीपासून मिळते ते जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलालाही मिळावे. विरोधात बालमानसशास्त्राचा आणि मराठीच्या भवितव्याचा युक्तिवाद होता. परंतु दोन्ही बाजूंच्या गदारोळात ज्याच्यावर सारे अवलंबून होते तो प्राथमिक शिक्षक बहुधा विस्मरणात गेला. मराठी, गणित, परिसर अभ्यास असे सगळे विषय एकट्याने शिकवणाऱ्या आणि स्वतः पाचवी किंवा आठवीपासून इंग्रजी शिकलेल्या डी.एड. शिक्षकाला आता सहा वर्षांच्या मुलांपुढे गाणी, कृती आणि सूचना यांतून इंग्रजी बोलायचे होते. त्याला सर्वप्रथम स्वतःच्या तोंडी इंग्रजीचे बळ हवे होते. प्रशिक्षणात मात्र पद्धतींची माहितीच अधिक मिळाली. दरम्यान गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे ‘सेमी-इंग्रजी’ वर्ग वाढत गेले, गावोगावी स्पोकन इंग्लिशचे क्लास निघाले, आणि जे शाळेच्या वर्गात मिळत नव्हते त्याची पैसे मोजून खरेदी सुरू झाली.

याच दशकात विचाराचे चक्र मात्र मूळ जागी येऊ लागले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी नेमलेल्या इंग्रजीविषयक गटाने मुलाच्या बहुभाषिकतेकडे वर्गातील संपत्ती म्हणून पाहण्याचा पुरस्कार केला. त्यानंतरच्या ‘तेजस’सारख्या उपक्रमांत शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने एकत्र बसून आपापल्या वर्गातील अडचणी मांडू लागले, वरून येणाऱ्या प्रशिक्षणाऐवजी शेजारच्या शाळेतील सहकाऱ्याच्या अनुभवावर भर देऊ लागले. शिक्षकाला पुन्हा विचार करणारा माणूस मानण्याची ही सुरुवात होती.

प्रभूंनी १९९० मध्ये लिहिलेल्या एका निबंधात, सर्वोत्तम पद्धत अशी काही असत नाही असे म्हणून, अध्यापन परिणामकारक होते ते शिक्षकाला स्वतःला पटलेल्या आणि अनुभवाने घडत गेलेल्या समजुतीमुळे, असे प्रतिपादन केले आहे. महाराष्ट्राचा दोन शतकांचा अनुभव या मताला दुजोरा देतो आणि त्यात एक भर घालतो. मुलाचे लक्ष वाक्याच्या अर्थाकडे वळावे म्हणून प्रत्यक्ष पद्धतीकडून कृती घ्यावी, वेस्टकडून शब्दांचा मोजका शिधा, रचना पद्धतीकडून सराव आणि प्रभूंकडून विचार करायला लावणारे काम. हे सारे निरनिराळ्या प्रमाणात उपयोगी पडते. पण ज्या शिक्षकाला मराठी वाक्य इंग्रजीत कोठे अडते हे ठाऊक असते, त्यालाच मुलाची चूक वाचता येते. आणि हे ठाऊक होण्यासाठी त्याला इंग्रजीइतकीच मराठीही चांगली यावी लागते. इंग्रजीच्या शिक्षकाची निवड आणि तयारी करताना त्याच्या मराठीचीही कसून परीक्षा घेतली गेली पाहिजे. जांभेकरांच्या पत्रात मराठी रकान्याला जे स्थान होते ते त्या परीक्षेत मराठीला मिळाले, तर पहिलीपासूनच्या इंग्रजीचे दिवस पालटण्याची आशा धरता येईल.